निरोप्या : बाजारभाव मागवणाऱ्या छोट्या लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

काम असे. नाशिक जिल्ह्यातल्या १२ बाजारांचे कांद्याचे भाव दुपारी आणि संध्याकाळी एका खुल्या माहिती-सेवेकडून मागवायचे, तपासायचे, साठवायचे आणि नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांना मोबाइलवर मराठीत कळवायचे. बाजार: लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चांदवड, देवळा, उमराणे, कळवण, सटाणा, मालेगाव, सिन्नर. भाव क्विंटलमागे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे.

आजवर हे काम चार स्क्रिप्टांत विखुरलेले होते आणि प्रत्येकीची मागणी करायची रीत निराळी. आता ती एका जागी आणायची. त्या जागेचे नाव 'निरोप्या'. पाया पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी, म्हणजे वेबवरून माहिती मागवणारा तयार कोड. केनेथ राइट्झ यांनी ती २०११ मध्ये आणली, परवाना अपाची २.०, आणि २०१९ पासून ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. तिच्यातली सर्वांत ओळखीची ओळ ही (कोडातली नावे इथे देवनागरीत, प्रत्यक्ष फाइलीत नेहमीप्रमाणे रोमन):

उत्तर = रिक्वेस्ट्स.गेट(पत्ता)

या एका ओळीत आपल्या वतीने सहा निर्णय होऊन जातात. किती वेळ थांबायचे, किती वेळा विचारायचे, अक्षरे कशी वाचायची, ४०४ ला ('पान सापडले नाही' या उत्तराला) चूक मानायचे का, सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र कुणाचे ग्राह्य धरायचे, प्रॉक्सी (मधला सर्व्हर) वापरायचा का. निरोप्यात हे सहाही निर्णय एकाच फाइलीत उघडपणे लिहायचे.

प्रत्येक निर्णयाला कसोटी एकच. चाळीतला कांदा आज ट्रॅक्टरमध्ये भरायचा की अजून आठवडाभर ठेवायचा, हे शेतकरी या आकड्यावर ठरवतो. भाव आला नाही तर माणूस ओळखीच्या आडत्याला फोन लावतो. चुकीचा आला तर गाडी भरतो. म्हणून शंका असेल तर आकडा पाठवायचा नाही.

मशीन रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर बुकवर्म ही लिनक्स प्रणाली आणि पायथन ३.११. बुकवर्मवर पिप (लायब्ररी बसवणारे साधन) थेट चालवले तर 'हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते' असे सांगून नकार मिळतो. तो नकार डावलायचा पर्याय असतो, तो वापरू नये. व्हेन्व्ह, म्हणजे प्रकल्पापुरते वेगळे वातावरण, करून त्यात बसवावे. आवृत्त्या पक्क्या केल्या: रिक्वेस्ट्स २.३२.४ आणि तिच्या आत चालणारी यूआरएललिब३ २.५.०. दुसरीही पक्की करणे गरजेचे, कारण जोडणी, पुन:प्रयत्न, टाइमआउट यांचे खरे वागणे यूआरएललिब३ मध्येच ठरते.

८ जुलै २०२५

टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबून सोडून द्यायचे. रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात नसतो. दिला नाही तर पलीकडचा सर्व्हर गप्प राहिला की आपला प्रोग्रॅमही गप्प बसतो, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत. (एचटीटीपीएक्स या नव्या लायब्ररीत न सांगताच ५ सेकंद धरले जातात. ही सोय रिक्वेस्ट्समध्ये असायला हवी होती.)

आपण (३.०५, १५) अशी जोडी दिली. पहिला आकडा जोडणीसाठी, दुसरा वाचनासाठी. ३.०५ का? टीसीपीची (इंटरनेटवरच्या जोडणीच्या पद्धतीची) हरवलेले पाकीट पुन्हा पाठवण्याची मुदत ३ सेकंद धरून, ३ च्या पटीपेक्षा जरासा जास्त आकडा ठेवावा असे रिक्वेस्ट्सचे दस्तऐवज सुचवतात.

आता यातल्या खाचा. एका नावामागे चार आयपी पत्ते असले तर जोडणीचा टाइमआउट प्रत्येक पत्त्याला वेगळा लागतो, म्हणजे ३.०५ चे १२.२० होऊ शकतात. नाव शोधण्याचा, म्हणजे डीएनएसचा, वेळ यात धरलाच जात नाही. आणि सर्वांत मोठी गैरसमजूत: १५ हा आकडा संपूर्ण उत्तरासाठी नाही. सॉकेटवर दोन वाचनांमध्ये किती शांतता चालेल, एवढेच तो सांगतो. सर्व्हर दर १० सेकंदांना एक बाइट टाकत राहिला तर टाइमआउट कधीच होत नाही.

म्हणून स्ट्रीम=ट्रू देऊन उत्तर तुकड्या-तुकड्याने वाचायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर टाइम.मोनोटॉनिक पाहायचे. टाइम.टाइम नको; घड्याळ मागेपुढे झाले की हिशेब चुकतो. तुकड्याचा आकार जपून ठरवावा लागतो. इटर_कंटेंटला काहीच सांगितले नाही तर तो १ बाइटचा तुकडा देतो, ते फार संथ. १६३८४ ठेवले तर तेवढे बाइट जमेपर्यंत आतच अडकून राहतो आणि आपल्या तपासणीची पाळीच येत नाही. १०२४ ठेवले. संथ सर्व्हरपुढे तेही पूर्ण पुरेसे नाही, म्हणून बाहेरून दुसरी वेस हवी: सिस्टिमडी ही लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणारी व्यवस्था, तिच्या युनिटमध्ये (सूचनांच्या फाइलीत) टाइमआउटस्टार्टसेक. इथे रनटाइममॅक्ससेक लिहिण्याचा मोह होतो, पण वनशॉट (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारच्या युनिटवर त्याचा काही परिणाम होत नाही.

उत्तराच्या आकारालाही ५ एमबीची मर्यादा. बारा बाजारांच्या भावांना याच्या शतांशही लागत नाही. पण चुकून भलतीच फाइल समोर आली तर पायची मेमरी भरू नये.

१० जुलै २०२५

सेशन. बारा बाजार एकाच सर्व्हरला विचारायचे आहेत. रिक्वेस्ट्स.गेट बारा वेळा चालवले तर बारा वेळा टीसीपी जोडणी आणि बारा वेळा टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणी ठरवण्याची, देवाणघेवाण. सेशन धरला की जोडणी एकदाच, पुढच्या मागण्या त्याच वाटेने. अट एवढीच की आधीचे उत्तर पूर्ण वाचलेले असावे किंवा बंद केलेले असावे. स्ट्रीम=ट्रू करून अर्धवट सोडले तर ती जोडणी तळ्यात (पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात) परत येत नाही. म्हणून प्रत्येक उत्तर 'विथ'च्या आत.

सेशन अनेक थ्रेडांत सुरक्षित असल्याची हमी नाही. इथे थ्रेड लागतच नाहीत, एकामागून एक विचारायचे. कुणी पुढे थ्रेड आणले तर प्रत्येकाला स्वतःचा सेशन द्यावा.

सेशन.ट्रस्ट_एन्व्ह = फॉल्स केले. तो ट्रू असतो तेव्हा लायब्ररी वातावरणातले प्रॉक्सी आणि घरच्या फोल्डरमधली .नेटआरसी ही पासवर्डांची फाइल न विचारता वाचते. २.३२.४ मध्ये नेटआरसीतली ओळखपत्रे चुकीच्या यजमानाकडे जाण्याची फट बुजवलेली आहे, तरीही जे लागत नाही ते बंद बरे. लक्षात ठेवायचे: याने रिक्वेस्ट्स_सीए_बंडल हे चलही वाचले जात नाही.

१४ जुलै २०२५

अक्षरे. मराठीत काम करणाऱ्याने हा भाग नीट समजून घ्यावा, कारण इथे चूक झाली तरी प्रोग्रॅम एका शब्दाने तक्रार करत नाही.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या) फाइलीतला 'नाशिक' छापल्यावर १५ चिन्हांची गिचमिड दिसते. हिशेब असा: न, काना, श, वेलांटी, क ही युनिकोडची ५ चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, एकूण १५. सर्व्हरने कंटेंट-टाइप या हेडरमध्ये (मजकुराआधी येणाऱ्या माहितीत) 'टेक्स्ट/सीएसव्ही' एवढेच लिहिले आणि चारसेट (अक्षरे कोणत्या पद्धतीने बाइटांत मांडली ते) लिहिला नाही, तर रिक्वेस्ट्स उत्तर.टेक्स्ट तयार करताना आयएसओ-८८५९-१ धरते. वेबच्या नियमांच्या जुन्या दस्तऐवजात, आरएफसी २६१६ मध्ये, मजकुरासाठी तसे ठरले होते. २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने तो नियम काढून टाकला, पण लायब्ररीने जुनी सवय ठेवली आहे. आयएसओ-८८५९-१ मध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही चिन्ह आहे, त्यामुळे अपवाद (प्रोग्रॅमला थांबवणारी चूक) उठत नाही. १५ बाइटांची १५ चिन्हे होतात आणि मुकाट डेटाबेसात जाऊन बसतात.

एचटीएमएलच्या पानाचेही तेच. पानात मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेले असले तरी रिक्वेस्ट्स पानाच्या आत डोकावत नाही, फक्त हेडर पाहते. पान वाचायचेच असेल तर पार्सरला उत्तर.टेक्स्ट देऊ नये, उत्तर.कंटेंट द्यावे, तो बाइट घेऊन मेटा टॅग स्वतः पाहतो.

अ‍ॅपरंट_एन्कोडिंग हा पर्याय नाकारला. तो चारसेट_नॉर्मलायझरकडून अंदाज घेतो, आणि बारा ओळींच्या फाइलीवर अंदाज चुकू शकतो. निरोप्यात एकच रीत: उत्तर.कंटेंटचे बाइट घ्यायचे, 'यूटीएफ-८-सिग' ने काटेकोर उलगडायचे, एक बाइट जरी बसला नाही तरी संपूर्ण उत्तर नाकारायचे. 'सिग' यासाठी की एक्सेलमधून निघालेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला ३ बाइटांची अदृश्य खूण असते. ती राहिली तर पहिल्या स्तंभाचे नाव दिसायला बरोबर आणि जुळवायला चूक असे होते.

आधीच बिघडून साठलेला मजकूर परत आणता येतो: आयएसओ-८८५९-१ मध्ये बाइट करायचे आणि यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. त्यात काही हरवत नाही. मधे विंडोज-१२५२ आले असेल तर मात्र खात्री नाही. त्या तक्त्यात ५ जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. र्‍हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, 'ए'चा ८एफ, 'ऐ'चा ९०, 'झ'चा ९डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर तिथेच तुटू शकते. अशा नोंदी दुरुस्त करत बसू नये, मूळ फाइल पुन्हा मागवावी.

काही जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेल्या असतात. त्यांत बाइट रोमन अक्षरांचेच असतात आणि मराठी फक्त फॉन्टमुळे दिसते. त्यावर चारसेट बदलून काही होत नाही. त्या फॉन्टचा रूपांतर-तक्ताच लागतो. असा स्रोत सध्या घेतलेला नाही.

नावे जुळवण्याआधी एनएफसी या युनिकोडच्या एकसमान रूपात आणायची. 'ऱ' एका चिन्हाचा येतो तसाच 'र' आणि खालचा नुक्ता असा दोन चिन्हांचाही येतो. दिसतात सारखे, तुलनेत वेगळे. शून्य रुंदीचे जोडक फक्त जुळवणीच्या किल्लीतून काढायचे, दाखवायच्या मजकुरातून नाही.

आकड्यांबाबत एक सुखद गोष्ट. पायथनचे इंट देवनागरी अंक थेट वाचते. '१८५०' दिले की पूर्णांक मिळतो. स्वल्पविराम मात्र आधी काढावा लागतो. फ्लोट वापरलेले नाही. त्याला 'नॅन' हा शब्दही चालतो, आणि नॅनशी केलेली लहान-मोठी तुलना नेहमी खोटी ठरते, त्यामुळे पुढच्या तपासण्या गुंगारा देऊन निसटतात.

१६ जुलै २०२५

पत्त्यातले प्रश्न नेहमी पॅरॅम्स= मधूनच द्यायचे, स्ट्रिंग जोडून नाही. 'नाशिक' पत्त्यात गेला की १५ बाइटांचे टक्का-चिन्हांसह ४५ वर्ण होतात, ते लायब्ररी बिनचूक करते. 'लासलगाव(विंचूर)' सारख्या नावातले कंस आणि 'पिंपळगाव बसवंत' मधली मोकळी जागा हाताने सांभाळायची म्हटली की चूक ठरलेली. पॅरॅम्समध्ये आधीच टक्का-रूप केलेली किंमत देऊ नये. टक्क्याचाही पुन्हा टक्का होतो आणि सर्व्हर नम्रपणे शून्य नोंदी परत करतो.

जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत 'एस'ने आणि 'एसएच'ने अशा दोन्ही प्रकारे सापडते. दोन्ही रूपे तक्त्यात ठेवली.

१८ जुलै २०२५

पुन:प्रयत्न. एचटीटीपीअ‍ॅडॅप्टरची मॅक्स_रिट्राइज (पुन:प्रयत्नांची संख्या) मुळात ० असते. तिथे नुसता आकडा ३ दिला तर तो जोडणीच्या आणि वाचनाच्या चुकांना लागतो. ५०३ ला ('सेवा आत्ता उपलब्ध नाही' या उत्तराला) सहसा नाही. म्हणून यूआरएललिब३ चा रिट्राय हा ऑब्जेक्ट बनवून द्यायचा.

किती वेळा? आधी टोटल=३, बॅकऑफ_फॅक्टर=१ (मधल्या विश्रांतीचे माप) असे धरून वाईटात वाईट हिशेब केला. पहिला प्रयत्न आणि ३ पुन:प्रयत्न मिळून ४ वेळा १५ सेकंद म्हणजे ६०. मधल्या विश्रांती ०, २, ४. पहिल्या पुन:प्रयत्नाआधी विश्रांती नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका बाजाराला ६६ सेकंद, बारांना ७९२, म्हणजे १३ मिनिटे १२ सेकंद. सर्व्हर खरोखर आडवा असताना एवढा वेळ त्यालाच ठोकत बसणे बरे नाही. टोटल=२ केले: ४५ आणि २ मिळून ४७ सेकंद. शिवाय सलग ३ बाजार फसले की उरलेले विचारायचेच नाहीत, २० मिनिटांनी पुन्हा यायचे. म्हणजे बंद सर्व्हरपुढे वाचनाच्या टाइमआउटपायी फार तर १४१ सेकंद. बाहेरची वेस ९०० सेकंदांवर ठेवली.

स्टेटस_फोर्सलिस्टमध्ये, म्हणजे पुन्हा विचारायच्या नकारांच्या यादीत, ४२९ (फार मागण्या झाल्या), ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हर अडचणीत). ५०० घेतलेला नाही. तो सर्व्हरच्या आतल्या बिघाडाचा असतो आणि लगेच दुसऱ्यांदा विचारून सहसा सुधारत नाही.

रिट्राय-आफ्टर हेडर ही लपलेली खाच. सर्व्हरने '३६०० सेकंदांनी ये' म्हटले की यूआरएललिब३ निमूटपणे तासभर झोपते. बॅकऑफची कमाल मर्यादा १२० सेकंदांची असली तरी ती या झोपेला लागत नाही. लॉगमध्ये ओळ नाही, अपवाद नाही. प्रोग्रॅम अडकला असेच वाटते. रिस्पेक्ट_रिट्राय_आफ्टर_हेडर=फॉल्स केले आणि तो आकडा निरोप्या स्वतः वाचतो. पुढची फेरी त्या वेळेनंतरच लावली जाते. सर्व्हरने सांगितलेली वेळ पाळायची हे नक्की, फक्त ती जागेपणी पाळायची.

रेझ_ऑन_स्टेटस=फॉल्स. नाहीतर प्रयत्न संपल्यावर रिट्रायएरर उठतो आणि शेवटचे उत्तर, ज्यात सर्व्हरने कारण लिहिलेले असू शकते, ते हातचे जाते.

आणि एक मर्यादा ध्यानात असावी: हे सारे पुन:प्रयत्न हेडर येईपर्यंतच. २०० चे हेडर आले आणि मजकूर अर्ध्यावर तुटला, तर रिट्राय मधे पडत नाही. यूआरएललिब३ २ मध्ये कंटेंट-लेंग्थपेक्षा कमी बाइट आले तर अपवाद उठतो. १ मध्ये तुटका मजकूर पूर्ण म्हणून मिळायचा. आवृत्ती पक्की करण्यामागचे हे सर्वांत सबळ कारण. मजकूर तुटल्यास निरोप्या तो बाजार एकदाच पुन्हा विचारतो.

२१ जुलै २०२५

अपवाद पकडताना झालेल्या तीन चुका, तिन्ही जुन्या स्क्रिप्टांत सापडलेल्या.

'एक्सेप्ट कनेक्शनएरर' असे नुसते लिहिले तर पायथनचा अंगभूत कनेक्शनएरर पकडला जातो. रिक्वेस्ट्सचा त्याच नावाचा अपवाद त्याचा वारस नाही. तो रिक्वेस्टएक्सेप्शनमधून येतो. म्हणून पूर्ण नाव लिहायचे.

'इफ नॉट उत्तर' असे लिहून 'उत्तर आलेच नाही' हे तपासलेले होते. पण ४०४ किंवा ५०३ चे उत्तरही बूलियन म्हणून खोटे ठरते. सर्व्हरने दिलेला नकार आणि न आलेले उत्तर एकाच वाटेला गेले. 'इज नन' लिहावे.

तिसरी बारीक. रिट्राय लावल्यावर वाचनाचा टाइमआउट रीडटाइमआउट म्हणून येत नाही. प्रयत्न संपले की तो कनेक्शनएरर होऊन येतो. फक्त टाइमआउट पकडणारी जुनी ओळ रिट्राय आल्या दिवसापासून निकामी झालेली असते.

एसएसएलएरर हा कनेक्शनएररचाच पोटप्रकार आहे, म्हणून तो आधी पकडायचा. प्रमाणपत्र न जुळणे ही थोडे थांबून सुटणारी अडचण नव्हे.

२४ जुलै २०२५

आज आषाढ अमावास्या. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची रीत काही कांदा बाजारांत जुनी आहे, त्यामुळे ही तारीख चाचणीसाठी मुद्दाम राखून ठेवली होती. सेवेने २०० ('सगळे ठीक') दिले, जेसन (माहितीचा साचा) नीट, नोंदींची यादी रिकामी. रेझ_फॉर_स्टेटसच्या, म्हणजे नकाराला अपवाद उठवणाऱ्या तपासणीच्या, दृष्टीने सगळे ठीक.

रिकामी यादी ही चूक नाही, तसा तो भावही नाही. जुनी स्क्रिप्ट अशा वेळी साठ्यातला शेवटचा भाव आजच्या तारखेखाली पाठवायची. हा सगळ्या प्रकल्पातला सर्वांत घातक दोष होता. आता निरोप्या चारांपैकी एकच निकाल देतो: 'भाव मिळाला', 'नोंद नाही', 'सेवा मिळाली नाही', 'उत्तर संशयास्पद'. शेतकऱ्याला जाणारे वाक्यही चौघांसाठी वेगळे. 'नोंद नाही' याचे 'आज लिलाव नाही' असे भाषांतर करायचे नाही. लिलाव होऊनही माहिती भरायला उशीर झालेला असू शकतो.

संशय कशाला म्हणायचे तेही लिहिले. किमान, सर्वसाधारण, कमाल हे चढत्या क्रमात नसतील. तिघांपैकी एक शून्य असेल. तारीख आजची नसेल. एकाच बाजाराच्या एकाच वाणाच्या दोन नोंदींत वेगळे आकडे असतील. तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच वाचायची. आपोआप ओळखणाऱ्या लायब्ररीला ०७/०८ दिले की ती ७ ऑगस्टचा ८ जुलै करू शकते, आणि महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे बरोबर वागते. त्यामुळे दोष लवकर सापडत नाही.

२८ जुलै २०२५

प्रमाणपत्रे. व्हेरिफाय=फॉल्स कुठेही नाही आणि येऊही द्यायचे नाही; निरोप्यात तो पर्याय बाहेरून देताच येत नाही. २.३२.० च्या आधी सेशनमधली पहिली मागणी व्हेरिफाय=फॉल्सने झाली तर त्या यजमानाशी पुढच्या मागण्याही न तपासता जायच्या, मग त्यांत काही का लिहिलेले असेना.

ब्राउझरमध्ये उघडणारे संकेतस्थळ रिक्वेस्ट्समध्ये प्रमाणपत्राची चूक देते, याचे नेहमीचे कारण सर्व्हरने मधले प्रमाणपत्र जोडलेले नसणे. ब्राउझर ते आधीच्या भेटीतून किंवा स्वतः शोधून मिळवतो. रिक्वेस्ट्स सर्टिफाय या पॅकेजमधल्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवर चालते आणि शोधायला जात नाही. उपाय: ते मधले प्रमाणपत्र मिळवायचे, सर्टिफायच्या यादीच्या प्रतीत जोडायचे आणि त्या फाइलीचा मार्ग व्हेरिफायला द्यायचा. सर्टिफायची मूळ फाइल बदलू नये, पुढच्या अपग्रेडला बदल पुसला जातो.

आजची चूक मात्र तिसरीच: 'प्रमाणपत्र अजून वैध नाही'. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ थांबते, परत आली की मशीन शेवटी लिहून ठेवलेल्या वेळेपासून सुरू होते आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत मागेच असते. मधल्या काळात सर्व्हरचे प्रमाणपत्र नवे झाले असेल तर ते मशीनला भविष्यातले वाटते. पावसाळ्यात वीज जातच राहणार. डीएस३२३१ चे आरटीसी (बॅटरीवरच्या घड्याळाचे) मोड्यूल आय२सीच्या पिनांवर लावले, सोबत नाण्यासारखी बॅटरी. युनिटमध्ये 'आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट' लिहिले आणि सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक ही सेवा चालू केली. ती चालू नसेल तर ते टार्गेट वेळ जुळण्याची वाट पाहत नाही.

१ ऑगस्ट २०२५

संदेश पाठवणे म्हणजे पोस्ट (माहिती देणारी मागणी), आणि पोस्टची जात गेटपेक्षा (माहिती घेणाऱ्या मागणीपेक्षा) वेगळी. भाव दोनदा विचारला तर काही बिघडत नाही. संदेश दोनदा गेला तर माणूस गोंधळतो. यूआरएललिब३ हे ओळखते: रिट्राय लावला तरी पोस्ट त्याच्या पुन:प्रयत्नाच्या यादीत नसते. अलाउड_मेथड्समध्ये पोस्ट घालून 'सोय' करू नये.

पोस्टनंतर वाचनाचा टाइमआउट झाला तर संदेश गेला की नाही हे आपल्याला माहीत नसते. म्हणून पाठवण्याआधीच संदेशाला क्रमांक देऊन 'निघाला' असे लिहायचे, उत्तर आले की 'पोचवला', टाइमआउट झाला तर 'अनिश्चित'. अनिश्चित संदेश आपोआप पुन्हा जात नाही. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेकडे त्या क्रमांकाची स्थिती गेटने विचारायची आणि मगच ठरवायचे.

जेसन= वापरले की कंटेंट-टाइप आपोआप लागतो. डेटा= मध्ये जेसनची स्ट्रिंग दिली तर तो लागत नाही, आणि सर्व्हर ४०० किंवा ४१५ देतो. जेसन= मध्ये 'नाशिक' वायरवर तिरक्या रेघेच्या ५ सांकेतिक तुकड्यांत जातो, ३० वर्ण; हे पूर्ण वैध आहे, लॉगमध्ये पाहून घाबरू नये. डेटा= द्यायचेच असेल तर मराठी मजकूर आधी यूटीएफ-८ बाइट करून द्यावा. यूआरएललिब३ १ सोबत स्ट्रिंग तशीच दिली तर लॅटिन-१ ची चूक येऊन मागणी निघतच नाही.

लांबी. मराठी एसएमएस एका भागात ७० चिन्हांचा, जोडून पाठवला तर प्रत्येक भागात ६७. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'पिंपळगाव बसवंत' मध्ये १४ चिन्हे, 'सर्वसाधारण' मध्ये १०. पायथनचे लेन हाच आकडा देते, त्यामुळे मोजणी सोपी. डीएलटी या एसएमएस-साच्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदवलेल्या साच्यात 'सर्वसाधारण' ऐवजी 'सरासरी' लिहिले असते तर ४ चिन्हे वाचली असती; पण बाजाराच्या फळ्यावर जो शब्द असतो तोच ठेवला, कारण सर्वसाधारण दर आणि गणिती सरासरी एक नव्हेत.

४ ऑगस्ट २०२५

माहिती-सेवेने दिलेली चावी (आपली ओळख पटवणारा गुप्त संकेत) पत्त्यात पॅरॅम म्हणून जाते. रिक्वेस्ट्सच्या अपवादांच्या मजकुरात संपूर्ण पत्ता येतो, म्हणजे चावीही लॉगमध्ये येते, आणि लॉग मदतीसाठी कुणाला पाठवला की ती बाहेर. अपवादाचा मजकूर लिहिण्याआधी चावीच्या जागी फुल्या टाकणारा गाळक लॉगिंगला लावला. यूआरएललिब३ चे डीबग लॉगही पत्ता लिहितात, गाळक त्यांनाही लागतो. जुने लॉग पुसले, चावी बदलून घेतली.

यूझर-एजंटमध्ये 'पायथन-रिक्वेस्ट्स' ऐवजी प्रकल्पाचे नाव आणि संपर्काचा पत्ता. सेवा चालवणाऱ्याला आपण कोण हे कळावे, अडचण झाली तर विचारता यावे.

७ ऑगस्ट २०२५

चाचणी खऱ्या सेवेवर करायची नाही. एचटीटीपीबिन हा चाचणीचा सर्व्हर पायवरच चालवला: डिले/१० वर, मुदत चाचणीपुरती १० सेकंदांखाली आणून, वाचनाचा टाइमआउट, स्टेटस/५०३ वर पुन:प्रयत्न. जोडणीच्या टाइमआउटसाठी १९२.०.२.१, हा पत्ता दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, तिथे कुणी उत्तर देत नाही. संथ बाइट, तुटका मजकूर, चारसेटविना सीएसव्ही, बीओएम (सुरुवातीची ती अदृश्य खूण) असलेली फाइल आणि '३६०० सेकंदांनी ये' यांसाठी पायथनच्या एचटीटीपी.सर्व्हरवर पाच छोटे हँडलर लिहिले. यातला संथ बाइटचा हँडलर प्रत्येक बदलानंतर चालवायचाच. तुकड्याचा आकार कुणी 'वेग वाढावा' म्हणून मोठा केला की तो लगेच पकडतो.

१२ ऑगस्ट २०२५

दुसरा स्रोत घ्यायचा ठरले: गंगापूर धरणातून गोदावरीत सोडलेल्या पाण्याचा विसर्ग, क्युसेकमध्ये. मागणी करायची रीत तीच, टाइमआउट तेच. पण कसोटी उलटी होते. कांद्याचा भाव आला नाही तर गप्प राहणे चालते. पाण्याचा आकडा आला नाही आणि आपण गप्प राहिलो, तर रामकुंडाजवळ दुकान मांडलेला माणूस ती शांतता 'पाणी वाढलेले नाही' अशी वाचतो.

म्हणून निरोप्यातल्या गेटला दोन नवी कलमे जोडली. शिळेपणाची मर्यादा: किती जुना आकडा अजून आकडा मानायचा. आणि मौनाची मर्यादा: किती वेळ आकडा मिळाला नाही तर 'माहिती मिळत नाही' असा संदेश स्वतःहून जायचा. भावासाठी शिळेपणा तोच दिवस, मौन अमर्याद. विसर्गासाठी शिळेपणा १ तास, मौन ३० मिनिटे. दोन्ही कलमांना मूळ किंमत दिलेली नाही. नव्या स्रोताची ओळ लिहिताना ती भरली नाहीत तर लायब्ररी सुरूच होत नाही.